पॅकिंग केलं तरी तोच स्लीपर पुन्हा पोकळ होतो : कुठून आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

ज्यांच्या कारखान्यात स्वतःची रेल्वे सायडिंग आहे, त्यांच्या सुपरवायझरसाठी आणि ट्रॅकवर नव्याने काम शिकणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. माझी सगळी नोकरी रुळावर गेली. आता सिमेंट, खत आणि कोळशाच्या खासगी सायडिंग बघतो. वर्षभरात येणाऱ्या फोनपैकी निम्म्याहून जास्त फोन एकाच तक्रारीचे असतात : "साहेब, पंधरा दिवसांपूर्वीच पॅकिंग केलं होतं, परत तिथंच बसलं." पॅकिंग म्हणजे स्लीपरखाली, रुळांना पेलणाऱ्या आडव्या तुळईखाली, गिट्टी ठोकून आधार घट्ट करणं.

तिथंच. हा शब्द महत्त्वाचा आहे. रूळ कुठेही थोडाफार बसतो, त्यात काही विशेष नाही. पण एकाच जागी, त्याच चार-पाच स्लीपरखाली तो पुन्हा पुन्हा बसत असेल, तर दोष स्लीपरच्या खाली आहे आणि तो अजून कोणी पाहिलेला नाही. अशा जागी आणखी एकदा पॅकिंग करणं म्हणजे पैसेही जातात आणि गिट्टीही खराब होते. कशी, ते पुढे येईल.

आधी एक ताकीद. खाली सांगितलेलं रुळाला हात लावण्याचं सगळं काम सायडिंगच्या आत, रेक (मालडब्यांची गाडी) नसताना, सायडिंगच्या तोंडाचा काटा (गाडीची वाट बदलणारा सांधा) बंद करून कुलूप लावल्यावर आणि लाल झेंडा रोवल्यावरच करायचं. रेल्वेच्या चालू लाइनवर नाही. तिथे ब्लॉक, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या बंद ठेवण्याची परवानगी, लागतो. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर बॅनर फ्लॅग आणि १२०० मीटरवर फटाके असं संरक्षण लागतं, आणि ते काम रेल्वेच्याच माणसांचं आहे.

लक्षणं

सगळ्यात आधी दिसते ती पांढरट-राखाडी भुकटी. स्लीपरच्या टोकाजवळ आणि कडांना, कोणी राख टाकल्यासारखी. स्लीपर खाली पोकळ असला की प्रत्येक चाकासरशी तो गिट्टीवर आपटतो. काँक्रीटचा तळ आणि दगडाच्या कडा एकमेकांना घासतात आणि त्याची पिठी वर येते. पावसाळ्यात याच पिठीचा चिखल होतो आणि रुळाच्या पोटावर शिंतोडे दिसतात. सायडिंगमधून चालताना रुळाची आतली बाजू बघत चला. शिंतोडे जिथे वेबपर्यंत (रुळाच्या मधल्या उभ्या भागापर्यंत) चढलेत तिथे थांबा.

दुसरं लक्षण क्लिपचं. रुळाला स्लीपरवर धरून ठेवणाऱ्या इलास्टिक रेल क्लिप एकाच जागी वारंवार सैल होतात, बाहेर सरकतात, रबर पॅड चुरगळून बाहेर डोकावतो. जॉइंट असेल तर फिशप्लेटचे (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांचे) बोल्ट दर आठवड्याला आवळावे लागतात. लोकांना वाटतं क्लिप हलक्या प्रतीच्या आल्या. बहुतेक वेळा क्लिप बरोबर असतात, खालचा आधार गेलेला असतो.

तिसरं, भरलेला रेक ताशी पाच-सहा किलोमीटर वेगाने जात असताना डबा त्या जागी एका बाजूला झुलतो. रिकामा रेक जाताना काहीच जाणवत नाही. आणि चौथं, सगळ्यात गंभीर : स्लीपरच्या वरच्या पृष्ठावर, बरोबर मध्यभागी, आडवी बारीक चीर. ती दिसली तर खालचं सगळं वाचण्याआधी 'कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं' हा भाग वाचा.

स्लीपर बसतो म्हणजे नेमकं काय होतं

हे न समजता पहार उचलू नका, म्हणून दोन परिच्छेद थांबा.

आपला ब्रॉडगेजचा काँक्रीट स्लीपर २.७५ मीटर लांब आणि अडीचशे किलोच्या वर वजनाचा. किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरला एक. भरलेल्या मालडब्याच्या एका चाकाखाली १० ते ११ टन भार असतो. तो सगळा चाकाखालच्या एका स्लीपरवर जात नाही. रूळ वाकतो आणि भार वाटून देतो : ढोबळमानाने निम्मा मधल्या स्लीपरला, उरलेला दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांना. ही वाटणी चालते ती सगळ्यांच्या खाली सारखा आधार असेल तरच. एक स्लीपर पोकळ झाला की तो रुळाला नुसता लटकतो आणि त्याचा वाटा शेजाऱ्यांवर पडतो. शेजाऱ्यांखालची गिट्टी जास्त दबते, मग तेही पोकळ होतात. म्हणून पहिल्या वर्षी एक स्लीपर, दुसऱ्या वर्षी तीन, तिसऱ्या वर्षी सात. हा रोग शेजाऱ्याला लागतो.

आता एका स्लीपरपुरतं बघा. भार येतो तो दोन्ही रुळांच्या बैठकीवर, मध्ये काही येत नाही. म्हणून आधारही बैठकीखाली हवा, पोट मोकळं हवं. नवीन पॅकिंगनंतर तसंच असतं. पण दिवस जातात तशी बैठकीखालची गिट्टी दबते आणि मधली जशीच्या तशी राहते. मग स्लीपर पोटावर बसतो. दोन्ही टोकं अधांतरी आणि मध्ये टेकू. चाकं दोन्ही टोकं खाली दाबतात, मध्यभाग वर ताणला जातो आणि वरच्या बाजूला चीर पडते. स्लीपरमधल्या आधीच ताणलेल्या तारांचा पूर्वताण काँक्रीटला बराच वेळ धरून ठेवतो, पण कायम नाही. २०१३च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कचऱ्याच्या मालगाडीचे दहा डबे घसरले. तिथल्या तपास मंडळाने जी कारणं नोंदवली त्यात मातकट झालेली गिट्टी आणि खराब झालेले काँक्रीट स्लीपर यांमुळे वाढलेलं गेज (दोन रुळांमधलं अंतर) होतं, आणि पुढे ढकललेली देखभालही होती. म्हणजे रूळ शाबूत असूनही खालच्या आधारापायी गाडी पडते.

पहिली तपासणी : डोळे, कान आणि मातीचा गोळा

रेक नसताना लेव्हल पट्टी ठेवून बघितलं आणि "लेव्हल तर बरोबर आहे" असं म्हणून लोक परत जातात. इथेच फसगत होते. पोकळ स्लीपर रुळाला क्लिपने टांगलेला असतो. भार नसताना रूळ स्वतःच्या ताठपणावर सरळ राहतो आणि स्लीपरला वर उचलून धरतो. खाली बोटभर पोकळी असली तरी पट्टी चांगलंच दाखवणार. खरी लेव्हल ती, जी भरलेल्या डब्याखाली असते.

म्हणून आधी आवाज ऐका. जुने मेट (गँगचे मुकादम) लाकडी मूठ असलेली काठी स्लीपरवर आपटत चालायचे. भरीव बसलेला स्लीपर "ठक्" असा आखूड आवाज देतो, पोकळ असला की आवाज घुमतो. एका सकाळी वीस-पंचवीस स्लीपर ओळीने ठोकत जा, पहिल्या दहांतच कानाला फरक कळेल. पोकळ वाटला त्यावर खडूने फुली मारा. दोन्ही टोकं वेगवेगळी ठोका, कारण बऱ्याचदा एकच टोक पोकळ असतं आणि ट्विस्ट, म्हणजे रुळाचा पीळ, तिथूनच येतो.

मग मोजा. यासाठी मला महागडं यंत्र कधी लागलं नाही. बाभळीची पाऊण मीटर लांब खुंटी घ्यायची, दोन स्लीपरच्या मधल्या गाळ्यात बरोबर रुळाखाली ती खोल ठोकायची, अशी की खुंटीचा माथा रुळाच्या तळापासून २५ मिलिमीटर खाली राहील. त्या फटीत भिजवलेल्या काळ्या मातीचा मऊ गोळा भरायचा. रेक जाऊ द्यायचा. रूळ खाली येऊन गोळा दाबतो आणि परत वर जातो, गोळा मात्र दबलेलाच राहतो. उरलेली जाडी पट्टीने मोजा. २५ पैकी १३ उरले असतील तर रूळ १२ मिलिमीटर खाली गेला होता. खुंटी लाकडीच हवी. ट्रॅक सर्किट (गाडी आहे की नाही हे सिग्नलला कळवणारा रुळातला विद्युतप्रवाह) असलेल्या जागी लोखंडी सळई रुळाला टेकली तर वेगळीच भानगड होते. काम झालं की खुंटी उपटून घ्या.

चांगल्या रुळातही २ ते ४ मिलिमीटर खाली-वर होतं, व्हायलाच हवं, तो रुळाचा स्प्रिंगपणा आहे. माझा ठोकताळा असा : ६ पर्यंत लक्ष ठेवतो, ६ ते १० मध्ये कारण शोधतो, १०च्या वर असेल तर त्या जागेवर रेकचा वेग चालण्याइतका करायला सांगतो आणि त्याच दिवशी काम सुरू करतो. प्रत्येक फुलीच्या जागी हा आकडा घ्या आणि वहीत लिहा. हा आकडा नसेल तर दुरुस्तीने फरक पडला की नाही हे कळायला मार्ग उरत नाही.

दुसरी : जोड-कडी आवळलेली आहे का

हे आधार तपासण्याआधी करायचं, कारण सैल क्लिप आणि पोकळ स्लीपर लांबून एकसारखे दिसतात. भरलेला डबा हळू जाताना सुरक्षित अंतरावर उकिडवे बसा आणि फक्त एका स्लीपरकडे बघा. रूळ खाली-वर होतोय आणि स्लीपर जागेवर आहे? मग दोष क्लिप, लाइनर किंवा रबर पॅडमध्ये. रूळ आणि स्लीपर दोन्ही एकत्र खाली जातायत? मग दोष खाली. हे पाच मिनिटांचं बघणं न केल्यामुळे एका सायडिंगमध्ये दोन महिने पॅकिंग चालू होतं आणि शेवटी निघालं काय, तर सहा मिलिमीटरचे रबर पॅड झिजून कागदासारखे झालेले.

पॅड बदलायचे तर चार-पाच स्लीपरचे एकदम बदला. एकाच स्लीपरवर नवा जाड पॅड आला तर तो शेजाऱ्यांपेक्षा उंच होतो आणि सगळा भार ओढून घेतो.

तिसरी : पाणी

माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ जागी मूळ इथेच सापडतं, म्हणून या तपासणीवर घाई करू नका.

पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. गिट्टीच्या बाजूचा सेस (मातीची मोकळी पट्टी) गिट्टीच्या तळापेक्षा उंच झालाय का बघा. वर्षानुवर्षं स्लीपरमधून काढलेली घाण सेसवरच टाकली जाते आणि तिचा बांध तयार होतो. मग गिट्टीची पेटी म्हणजे पाण्याचं टाकं होतं. खालच्या मातीच्या थराला मधून दोन्ही बाजूंना ३० ला १ असा उतार ठेवलेला असतो, पण पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल तर त्या उताराचा उपयोग काय? फावड्याने सेसला दर पाच मीटरवर एक आडवी चर मारा. पाणी वाहायला लागलं तर अर्धी दुरुस्ती तिथेच झाली, खर्च दोन माणसांची एक दिवसाची मजुरी.

बाजूचं गटार कुठे जातं ते शेवटपर्यंत चालत जाऊन बघा. कारखान्यात गटारावर कोणीतरी टपरी टाकलेली असते, कोणीतरी केबलचा पाइप आडवा घातलेला असतो.

एक जागा सांगतो. एका कारखान्याच्या सायडिंगमध्ये तीन पावसाळे एकच सहा स्लीपरचा पट्टा बसत होता. पॅकिंग झालं, गिट्टी नवीन टाकली, गटार साफ झालं. मी गेलो तेव्हा डिसेंबर होता, दीड-दोन महिने थेंब पडला नव्हता. दोन स्लीपरमधला गाळा उघडायला लावला. वरची गिट्टी कोरडी ठणठणीत. घमेली भरत एक फूट खाली गेल्यावर पोराने फावडं मारलं आणि आवाज बदलला, "चप्प" असा. हात घातला तर माती लोण्यासारखी आणि पाणी गार. डिसेंबरात, पाऊस नसताना, रुळाच्या पोटात पाणी. पाणी गार आणि स्वच्छ होतं, त्याला वासही नव्हता. कँटीनकडे जाणारी पाण्याची जुनी पाइपलाइन रुळाखालून आडवी गेली होती आणि तिचा सांधा गळत होता. नकाशात ती पाइपलाइन नव्हती. पाइप बदलला, खालची माती काढून मुरूम आणि त्यावर गिट्टी भरली, त्यानंतर तो पट्टा बसलेला नाही. तेव्हापासून मी कोरड्या दिवसांतही एक गाळा उघडून बघितल्याशिवाय पाण्याची तपासणी पूर्ण झाली असं म्हणत नाही.

चौथी : गिट्टी उघडून बघा

दोन स्लीपरमधला एकच गाळा, स्लीपरच्या तळाखाली आणखी एक फूट. सलग दोन गाळे एकाच वेळी उघडू नका. आणि उन्हाळ्यात दुपारी तर मुळीच नाही. तापलेला रूळ आडवा सरकू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी गोष्ट गिट्टीच असते, ती काढली आणि रूळ तापून दाबात असला तर तो सापासारखा वळतो. सकाळी लवकर उघडा आणि ऊन चढायच्या आत भरा.

उघडल्यावर घाण कुठून आली ते ओळखायचं, कारण उपाय त्यावरच ठरतो.

वरच्या थरात काळी किंवा राखाडी भुकटी दाट आणि खाली जाल तशी विरळ, म्हणजे घाण वरून पडली : कोळसा, क्लिंकर, खत, सिमेंट. सायडिंगमध्ये सर्वात जास्त हेच. सिमेंटचं तर वाईट प्रकरण आहे. सांडलेलं सिमेंट पहिल्या पावसात गिट्टीत उतरतं आणि घट्ट होतं, मग गिट्टी म्हणजे ओबडधोबड काँक्रीट. त्यावर स्लीपर पोटावर बसतो आणि मधोमध चिरतो. अशा जागी मऊ आधाराचा प्रश्न नसतो, आधार नको तिथे कडक झालेला असतो.

भुकटी फक्त स्लीपरच्या तळाशी, पांढरट, आणि बाकी गिट्टी बरी : ही काँक्रीट आणि दगड घासून झालेली. पोकळी खूप दिवस तशीच राहिली असा त्याचा अर्थ. दगड हातात घ्या. कडा धारदार आहेत की नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत? गोल झालेला दगड शेजाऱ्याला धरून राहत नाही, कितीही ठोका, तो सरकतो.

आणि तिसरं, वर ठीक पण खाली जाल तसा चिखल वाढत जातो : खालची माती वर येतेय. खात्रीसाठी त्यातली चिमूटभर माती ओली करून तळहातावर सुतळीसारखी वळा. तीन मिलिमीटर जाडीची वळी न तुटता झाली तर ती चिकणमाती आहे, दगडाची पिठी नाही. पिठीची वळी होत नाही, ती तुटते.

वरून आलेल्या आणि घासून झालेल्या घाणीला इलाज आहे आणि तो तुमच्या हातात आहे : गिट्टी काढून चाळायची, चाळणीखालचं फेकायचं, कमी पडेल तेवढी नवीन घालायची. रेल्वेचा नियम असा की स्वच्छ गिट्टीचा थर १५० मिलिमीटरपेक्षा कमी झाला की खोल चाळणी करायची. मुळात ३०० मिलिमीटर हवा. नवीन गिट्टी ६५ ते २० मिलिमीटरच्या दरम्यानची, यंत्रावर फोडलेली, कडक काळ्या दगडाची घ्या. भोकं असलेला हलका दगड रस्त्याला चालेल, रुळाला नाही. पुरवठादाराकडून घर्षण चाचणीचा कागद मागा, ३० टक्क्यांच्या आत हवं.

चिकणमाती निघाली तर सहावा भाग बघा.

पाचवी : पॅकिंग कसं झालं होतं

पाणी नाही, गिट्टी स्वच्छ, जोड-कडी ठीक. मग पॅकिंगवर शंका घ्या.

सगळ्यात मोठी चूक, पूर्ण स्लीपरखाली सारखं ठोकणं. मनापासून काम करणारी गँग हे जास्त करते. मध्येही घट्ट ठोकते, कारण "मध्ये पोकळ कशाला ठेवायचं". ब्रॉडगेजला बैठकीच्या दोन्ही बाजूंना ४५० मिलिमीटरपर्यंतच ठोकायचं, मधला भाग नुसता भरायचा, ठोकायचा नाही. माणसाला हे एकदा खडूने स्लीपरवर आखून दाखवा.

दुसरी चूक, बीटरने (गिट्टी ठोकायच्या कुदळीने) काँक्रीटच्या कडा फोडणं. काँक्रीट स्लीपरला हातातला यंत्र टॅम्पर (थरथरवून गिट्टी ठोकणारं यंत्र) वापरा. तो नसेल तर मोजून फावड्याने भरायची पद्धत : मातीच्या गोळ्याने पोकळी मोजायची, स्लीपर जॅकने उचलायचा आणि तेवढ्या पोकळीला पुरेल इतकी वीस मिलिमीटरच्या आतली कडक बारीक खडी पसरट फावड्याने बैठकीखाली सरकवायची. खालचा दबून घट्ट झालेला थर तसाच राहतो. ठोकण्यात तोच थर उसकटला जातो, आणि म्हणून ठोकलेली जागा पुन्हा बसते. ब्रिटनमध्ये याच तत्त्वावर हवेच्या झोताने खडी भरणारी यंत्रं चालतात. चार-पाच स्लीपरच्या तुकड्याला मला ही पद्धत टॅम्परपेक्षा जास्त टिकाऊ वाटते.

तिसरी गोष्ट थोडी नवलाची. गिट्टीला आठवण असते, असं ट्रॅकची माणसं म्हणतात. रूळ नुसता १०-१५ मिलिमीटर उचलून ठोकला तर दगड थोडे सैल होतात आणि गाड्या गेल्यावर परत जुन्याच जागी जाऊन बसतात. जुना खड्डा जसाच्या तसा वर येतो. उचल दगडाच्या आकाराच्या जवळपास गेली तरच नवीन रचना होते. आणि प्रत्येक ठोकण्यात काही दगडांचे कोपरे तुटतात. वर्षात सहा वेळा पॅकिंग झालेल्या जागेवरची गिट्टी चाळून बघा आणि शेजारच्या न छेडलेल्या जागेवरची चाळून बघा. चाळणीखालच्या ढिगातला फरक डोळ्यांना दिसतो.

उचलताना एकच स्लीपर उचलू नका. दोन्ही बाजूंना चार-चार स्लीपर धरून उतार द्या.

जागा पुलाजवळ, वजनकाट्याच्या काँक्रीटजवळ, वॅगन टिपलरच्या (डबा उलटा करून रिकामा करणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी किंवा रस्त्याच्या फाटकाला लागून असेल तर मात्र पॅकिंगला दोष देऊ नका. एका बाजूला काँक्रीट, जे दबत नाही, आणि लगेच पुढे भराव, जो दबतो. चाक तिथे पायरी उतरल्यासारखं आदळतं आणि पहिल्या दोन-तीन मीटरमधले स्लीपर पोकळ होतात. तिथे पॅकिंग नेहमीच लागणार, वेळापत्रकात तसं धरा. काँक्रीटच्या मागचं पाणी निघून जातंय ना, तेवढं मात्र नक्की बघा. कायमचा उपाय हवा असेल तर त्या टप्प्यात आधाराचा ताठपणा हळूहळू बदलावा लागतो, स्लीपरखाली पॅड किंवा भरावाखाली स्लॅब. तो डिझाइनचा विषय आहे.

सहावी : खालची माती

सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, जिथे काळी माती आहे तिथल्या सायडिंगवाल्यांनी हे नीट वाचा. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जुलैमध्ये त्याच भेगांतून पाणी आत जातं आणि माती मऊ होते. त्यावर १० टनांचं चाक गेलं की दगड मातीत रुततात आणि माती दगडांतून वर चढते. तिथे स्लीपरखाली कढईसारखा खड्डा तयार होतो, गिट्टीने भरलेला. वरून आणखी गिट्टी टाकत गेलात तर कढई खोल होत जाते आणि त्यात पाणी साठतं. एका जागी मी स्लीपरखाली जवळजवळ एक मीटर गिट्टी मोजली आहे. तो पट्टा वर्षानुवर्षं गिट्टी गिळत होता.

रुळावरचे ताण अभ्यासणाऱ्या टॅलबॉट यांच्या अमेरिकन समितीने १९१८ पासून जे अहवाल दिले त्यात हे मोजून दाखवलं आहे की स्लीपरखालचा दाब खोलीसोबत पसरत जातो आणि दोन स्लीपरमधल्या अंतराइतक्या खोलीवर तो साधारण सारखा होतो. आपल्याकडे ते अंतर ६० सेंटिमीटर. गिट्टी ३०० मिलिमीटरच, म्हणजे तिच्या तळाशी दाब अजून एकसारखा झालेला नसतो. म्हणून गिट्टी आणि माती यांच्यामध्ये चांगल्या प्रतवारीच्या मुरूम-वाळूचा ब्लँकेट थर लागतो, वाईट मातीवर तो एक मीटरपर्यंतही जातो. जुन्या सायडिंगमध्ये तो बहुतेक नसतोच.

तुम्ही इथे एवढंच करा : स्लीपरच्या टोकाबाहेर एक आडवा चर खणा, गिट्टी कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते ते मोजा, फोटो काढा. तीन ठिकाणी करा, वाईट जागी आणि दोन्ही बाजूंच्या चांगल्या जागी. चर लगेच भरा. त्यापुढे जाऊ नका.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

स्लीपरच्या मध्यावर किंवा बैठकीवर चीर असलेले सलग दोन स्लीपर दिसले तर सायडिंग बंद करा आणि स्लीपर बदलेपर्यंत रेक घेऊ नका. डेमरेज (डबे उशिरा सोडल्याचा रेल्वेचा आकार) भरावं लागलं तरी चालेल. घसरलेला डबा उचलायला क्रेन येते तेव्हा त्या बिलापुढे डेमरेज काहीच नसतं, आणि तिथे उभी असलेली शंटिंगची माणसं आपलीच असतात.

भरावाच्या माथ्यावर रुळाला समांतर भेग, किंवा पायथ्याशी माती फुगून बाहेर आलेली दिसली, तर तो भराव सरकतोय. पॅकिंग, गिट्टी, काहीही टाकू नका, वजन वाढेल. त्याच दिवशी भूतंत्र अभियंत्याला बोलवा.

खालून चिकणमाती वर येत असेल तर ब्लँकेट, जिओटेक्स्टाइल, चुन्याने माती सुधारणं असे उपाय आहेत, पण कुठला आणि किती जाड हे माती तपासून ठरतं. लखनौच्या आरडीएसओची (रेल्वेच्या संशोधन संस्थेची) त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती जाणणारा सल्लागार घ्या, ठेकेदाराच्या अंदाजावर सोडू नका.

रूळ लांब वेल्ड केलेला असेल तर तापमान मोजल्याशिवाय उचल किंवा उघडणं नको, रेल्वेच्या सेक्शन इंजिनिअरला विचारा. सायडिंगच्या तोंडाजवळचे काटे आणि त्यापलीकडचं सगळं त्यांचंच. तिथे काही दिसलं तर लेखी कळवा आणि पोच घ्या.

दुरुस्तीनंतर

खुंटी पुन्हा ठोका, तोच गोळा, तोच स्लीपर. दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर, तिन्ही वेळा भरलेल्या रेकखालीच मोजा. दुसऱ्या दिवशी ३, आठव्या दिवशी ४ आणि पावसानंतरही ४ आलं तर जागा सुधारली. आठव्या दिवशी ४ होते आणि पावसानंतर ९ झाले, तर गिट्टीवर नव्हे, पुन्हा तिसऱ्या तपासणीवर जा. पाणी अजून आत येतंय.